मॅडिसनला न पोचलेली बरणी

अमेरिकेहून परत आल्यावर नागपूरच्या मैत्रिणींनी फोनवर विचारलं, "काय काय पाहिलंस गं?" मी त्यांना शिकागोचं समुद्राएवढं तळं सांगितलं, मैलोन्‌मैल मका सांगितला, दादाच्या अंगणातले काजवे सांगितले. बरणीचं सांगितलं नाही. तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहिते आहे. लिहिताना निदान समोर कोणी बसलेलं नसतं.

चेंगदू, बॅगा भरताना

मी गेली पाच वर्षं चीनमधल्या चेंगदू शहरात एका इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवते. चीन म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना साप-विंचवांपलीकडे काही सुचत नाही. प्रत्यक्षात माझा दिवस अगदी साधा आहे. पावणेआठला शाळा. दुपारी जेवणानंतर अख्खा वर्ग बाकावर डोकं टेकून अर्धा तास झोपतो आणि कोणी रागवत नाही. ही पद्धत आपल्याकडे ताबडतोब आणावी असं माझं मत आहे. हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. भर जूनमध्ये थंड पाणी मागितलं तर लोक काळजीने बघतात. भाजी गल्लीतल्या बाजारात, आणि तिथे तिरफळाचा सख्खा भाऊ शोभेल असा मिऱ्याचा एक प्रकार मिळतो, जिभेला मुंग्या आणणारा. सगळे मला "लाओशी" म्हणतात, म्हणजे आपण शाळेत म्हणायचो ते "बाई". भाजीवालीसुद्धा लाओशीच म्हणते. मान मोठा आहे, आणि तो मला आवडतो हे कशाला लपवू?

शिवाय बाई म्हणून मी कडक. कॉपी केली तर शून्य, खोटं बोललात तर शून्य आणि वर घरी फोन. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या समोरच्या दारात चेन मावशी राहतात. वय सदुसष्ट-अडुसष्ट, एकट्या. पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने फणफणले तेव्हा ही बाई न विचारता भाताची पेज घेऊन दारात उभी. पेजेवर आंबवलेल्या मुळ्याचे तुकडे. मांस नको म्हणजे डुकराचा खिमाही नको, हे त्यांना पटायला चार महिने लागले. पण एकदा पटल्यावर त्या माझ्या सोवळ्याच्या पहारेकरी झाल्या. हॉटेलात माझ्या ताटात काही भलतं आलं तर मी नव्हे, त्या मालकाशी भांडतात. माझं चिनी मोडकंतोडकं, त्यांना इंग्रजी शून्य. अडलं की फोन भाषांतर करतो. तेवढ्यावर आमचं पाच वर्षं उत्तम चाललंय.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नेपरव्हिलला निघाले. नेपरव्हिल म्हणजे शिकागोच्या पश्चिमेला, तिथे माझा दादा चाळीस वर्षं राहतो. त्याच्या मुलीचं, ईशाचं, डोहाळजेवण होतं. एकुलती एक भाची, आणि मी एकुलती एक आत्या. परदेशात राहणाऱ्या शिक्षकाची सुट्टीपूर्वीची तयारी म्हणजे एक लढाईच असते: मार्कशीट भरा, पासपोर्टातल्या राहण्याच्या परवान्याची तारीख तीनदा बघा, कुंड्या कोणाकडे तरी सोपवा. कुंड्या अर्थातच चेन मावशींकडे. आणि मग बॅग. ईशाच्या बाळासाठी रेशमी रजई, तिच्या साडीवर शोभेल असं कापड, वहिनीने हक्काने मागवलेल्या बांबूच्या इडलीपात्रासारख्या टोपल्या, चहा, तिरफळाचा तो भाऊ.

निघायच्या आदल्या दिवशी चेन मावशी बरणी घेऊन आल्या.

काचेची, रुंद तोंडाची, जाड झाकणाची. आत खारं पाणी, आणि त्यात चवळीच्या शेंगा, मुळा, आलं, हिरव्या मिरच्या. त्यांची मुलगी युन अमेरिकेत मॅडिसनला असते, नेपरव्हिलपासून गाडीने अडीच तासांवर. तिला सातवा महिना लागलाय. तिला अन्न जात नाही आणि सारखं हेच आठवतं. तिथे तिने दोनदा घालून पाहिलं, दोन्हीदा पाण्यावर बुरशी धरली. मावशी म्हणाल्या, तिखट-मीठ कोणीही घालेल, पण पाणी जुनं लागतं. त्यांच्या आईच्या घरून आलेलं, दर वेळी थोडं राखून पुढे वाढवलेलं. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे विरजण! कवडीभर विरजण शेजारणीकडून आणून अख्खं दही लावणाऱ्या घरात मी वाढले. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

"नेता येतं," मावशींनी फोनवर भाषांतर दाखवलं. "युनने विचारून घेतलं आहे. मांस नाही. फक्त कस्टमच्या फॉर्मवर लिहायचं."

बरणी तीन पिशव्यांत बांधलेली, वरून लाल टॉवेल, आणि टॉवेलवर चिकटपट्टीने लावलेला कागद: मुलीचं नाव, आणि खाली स्वतःचा फोन नंबर. इथे कुठल्याही पुडक्यावर फोन नंबर लिहायची सवयच आहे. मी म्हटलं, "मावशी, अगदी निश्चिंत राहा." हे वाक्य मी चिनीत न चुकता बोलले. मला अजून ऐकू येतं ते.

विमानतळावर

काउंटरवर बॅग अडीच किलो जास्त भरली.

आता हे आपल्या माणसांना समजावून सांगायला नको. विमानतळाच्या फरशीवर उकिडवं बसून बॅग उघडणं हा आपला राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण मागे रांग, काउंटरवरची मुलगी घड्याळ बघतेय, माझ्या पाठीवरच्या बॅगेत सुईसुद्धा शिरणार नाही. जास्तीचे पैसे भरता आले असते. टोपल्या काढता आल्या असत्या, चहा काढता आला असता. हे मी आज लिहितेय, पण त्या वेळीही मला हे सगळं माहीत होतं. खोटं कशाला बोलू? मला घाई होती म्हणून नव्हे, मला माझ्या रेशमी रजईला वास लागेल अशी भीती वाटत होती म्हणून मी बरणी काढली. आंबलेल्या मुळ्याचा वास. त्याच मुळ्यावर मी तापातून उठले होते.

मनाची समजूत मी चुटकीसरशी घातली. खारं पाणीच तर आहे! त्या देशात काय मिळत नाही? आशियाई दुकानं गल्लोगल्ली असतील. जवळून एक सफाईवाली बाई ढकलगाडी घेऊन चालली होती. मी बरणी तिच्यापुढे केली, "तुम्ही घ्या, चांगली आहे." ती नको नको म्हणत हात हलवत होती. मी बरणी तिच्या गाडीत ठेवली आणि सटकले. कागद फाडून टाकायचंसुद्धा सुचलं नाही. वजन बरोबर तेवीस किलो भरलं, आणि मला, सांगायला जीभ रेटत नाही, पण मला हुश्श वाटलं.

नेपरव्हिल

दादाचं घर म्हणजे समोर हिरवळ, मागे हिरवळ आणि मध्ये दादा, हातात पाण्याचा पाइप घेऊन. हिवाळ्यात बर्फ उपसायचा आणि उन्हाळ्यात गवत कापायचं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे यालाच अमेरिकन ड्रीम म्हणतात. संध्याकाळी गवतातून काजवे उठतात. शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो, आणि तिथलं कणीस इतकं कोवळं की न भाजताच खावं. चेंगदूच्या बाजारात ओळख लागते, इथे फक्त "हाय, हाउ आर यू" आणि पुढे चला.

ईशा पोट सांभाळत दारात आली. "आत्या, यू लुक सो टायर्ड!" म्हणाली आणि गळ्यात पडली. ही इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. वहिनीने बॅग उघडल्या उघडल्या टोपल्या उचलल्या. "बघ, आणल्यास! मला वाटलं वजनात काढतेस की काय." मी हसले. रजई बाहेर आली. ईशाने ती गालाला लावली. वास कसलाच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी युनचा मेसेज आला, इंग्रजीत: "लाओशी, प्रवास कसा झाला? मी शनिवारी येऊ का?"

इतके तास मी त्या मुलीचा विचारच केला नव्हता. ती मला बरणीच्या कागदावरचं एक नाव वाटत होती. मी खरं लिहायला घेतलं, पुसलं, परत घेतलं. मग लिहिलं, "सॉरी, विमानतळावर तपासणीत बरणी काढून घेतली. तू उगाच त्रास घेऊ नकोस."

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "काही हरकत नाही. तरी मी येते. तुम्हाला भेटायचं आहे."

वहिनी शेजारीच भाजी चिरत होती. तिला सगळं सांगावं लागलं. सगळं म्हणजे खोटं. ती भडकलीच. "अगं, लोणचं अलाउड असतं! मी स्वतः दर वेळी डिक्लेअर करून आणते. कोण होता तो? कम्प्लेंट करू या."

"जाऊ दे ना वहिनी."

"जाऊ कसं दे? सातव्या महिन्यातल्या पोरीच्या तोंडचा घास काढतात म्हणजे काय! काळीज आहे का दगड?"

मी मान खाली घालून मटार सोलत बसले. "आणि ऐक," वहिनी म्हणाली, "शनिवारीच आपलं डोहाळजेवण आहे. तिला म्हणावं जेवायलाच ये. एकीच्या जागी दोघींची ओटी भरू."

शनिवार

युन बरोबर अकराला आली. बारीक चण, चष्मा, सैल निळा ड्रेस, पायांवर सूज. अडीच तास स्वतः गाडी चालवत आली होती. मला बघताच तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. "आई कशी आहे?" तिचा पहिला प्रश्न. "खरं सांगा, कशी आहे? फोनवर ती नेहमी 'छान' म्हणते."

मी सांगत गेले. गुडघा दुखतो पण बाजारात रोज जातात. केस कापून घेतलेत. गॅलरीत माझ्या कुंड्या आहेत. युन एकेक शब्द टिपत होती. "कोणत्या बाजूचा गुडघा?" मी आठवून सांगितलं, डावा. तिने मान हलवली. बरणीचं नाव काढलं नाही. मग मीच काढलं, कारण गुन्हेगाराला गप्प बसवत नाही.

"ते तपासणीवाले… मी खूप सांगून पाहिलं त्यांना."

युन माझ्याकडे पाहत राहिली. चेहरा शांत. "तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला," ती म्हणाली. "मला वाईट वाटतं. आईने तुमच्यावर ओझं घालायला नको होतं."

भूमाते, दुभंग हो आणि पोटात घे, असं आपण गमतीत म्हणतो. मला दादाच्या बैठकीत, गालिच्यावर उभं राहून, ते मनापासून म्हणावंसं वाटलं.

वहिनीने दोघींना शेजारी बसवलं, फुलांच्या दागिन्यांसकट. ईशासाठी केलेल्या वेणीतला अर्धा भाग काढून युनच्या केसांत माळला. पाच-सात काकू जमल्या होत्या; त्यांनी गाणी म्हटली, वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून दोघींना एकेक उचलायला लावली. दोघींनाही बर्फी निघाली आणि काकूंनी "मुली, मुली!" असा गलका केला. युन खुदकन हसली. ओटीत तांदूळ आणि नारळ पडले तेव्हा तिने पदर नाही म्हणून दोन्ही हातांनी ड्रेसचा घोळ पुढे धरला.

"सो बेसिकली," ईशा तिला समजावत होती, "एव्हरीवन फीड्स यू व्हॉटएव्हर यू क्रेव्ह. मी पाणीपुरी मागितली. व्हॉट डू यू क्रेव्ह?"

सगळ्या काकू युनकडे बघायला लागल्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे आता कळतं. ती म्हणाली, "नथिंग. एव्हरीथिंग हिअर इज सो गुड."

वहिनीने तिच्या पानात कैरीचं लोणचं वाढलं. तिने फोड तोंडात घातली, चोखली आणि डोळे मिटले. "आंबट," ती म्हणाली. मग तीन वेळा मागून घेतलं, नुसत्या भाताबरोबर. वहिनीने तिला जाताना अख्खी बाटली बांधून दिली आणि माझ्या कानात म्हणाली, "त्या मेल्या तपासणीवाल्याचे हात झडोत." मी "हो ना" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

निघताना युनने पर्समधून एक छोटं पुडकं काढलं. विस्कॉन्सिनचं जिनसेंग, तिच्या मॅडिसनकडे पिकतं ते औषधी मूळ, आईच्या गुडघ्यासाठी. आणि एक पाकीट, बाळाच्या सोनोग्राफीचा फोटो. "आईला द्याल?" ती म्हणाली. "हे हलकं आहे, लाओशी. दोनशे ग्रॅमसुद्धा नाही."

त्या वेळी मला वाटलं, किती समजूतदार मुलगी, वजनाचा विचार करते.

पुन्हा चेंगदू

ते पुडकं मी परतीच्या प्रवासात छातीशी धरून आणलं. झोपेतसुद्धा पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. दादा म्हणाला, "त्यात हिरे आहेत का?" पापाचं प्रायश्चित्त असं स्वस्तात आटपायचा माझा बेत होता. आणि विमानात मी आणखी एक काम केलं. "तपासणीत काढून घेतलं" हे वाक्य चिनीत नीट बसवलं. शब्द शोधले, चढउतार घोकले. मुलांना मी सांगते, पाठांतर करू नका, समजून घ्या. मी मात्र खोटं पाठ करत होते.

सामान दारात टाकून तशीच समोरची घंटी वाजवली. चेन मावशींनी दार उघडलं, माझे दोन्ही दंड धरून मला आत ओढलं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं आणि गरम पाणी दिलं. मी पुडकं दिलं, पाकीट दिलं. फोटो त्यांनी उजेडात धरला, चष्मा लावून, चष्मा काढून, लांब धरून. मग टेबलावर ठेवून बोटाने एकदा पुसला, जणू त्यावर धूळ होती.

मी घसा खाकरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. अगदी बिनचूक. "बरणी तपासणीत काढून घेतली."

मावशींनी मान हलवली. "हं," म्हणाल्या. "थकली असशील. पाणी पी."

मी कप उचलला आणि समोर खिडकीकडे पाहिलं. ओट्याच्या कडेला माझ्या कुंड्या, आणि कुंड्यांच्या पलीकडे बरणी. तीच. जाड झाकणाची. लाल टॉवेल घडी करून खाली घातलेला. टॉवेलवर चिकटपट्टीचा कागद अजून तसाच, मुलीचं नाव आणि खाली फोन नंबर.

आमच्या नागपूरला असतं ना, तर मला दारातच उभं-आडवं घेतलं असतं. शेजारपाजार गोळा झाला असता, आणि खरं सांगते, मला ते चाललं असतं. इथे मावशी माझ्याकडे पाठ करून चहाच्या डब्यात जिनसेंग ठेवत होत्या, आणि मुद्दाम वेळ लावत होत्या, म्हणजे मला तोंड फिरवायला सवड मिळावी.

"मी टाकली," मी म्हणाले. हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं, तुटक बाहेर आलं. "वजन जास्त. मी काढली. मी खोटं. तपासणी नाही. मी."

"माहीत आहे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

मग वळल्या आणि फोन काढून हळूहळू बोलल्या. फोनने भाषांतर केलं, मी वाचलं. त्या सफाईवाल्या बाईने कागदावरचा नंबर बघून त्याच दिवशी फोन केला होता. घरची बरणी आहे, कोणाची तरी राहिली असेल, असं तिला वाटलं. मावशी मेट्रोने विमानतळावर जाऊन घेऊन आल्या. माझं विमान तेव्हा अजून समुद्रावर असेल. त्या दुखऱ्या गुडघ्याने, दीड तास जायला आणि दीड तास यायला.

"आणि युन?" मी विचारलं. "तिला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मी सांगितलं."

म्हणजे माझा मेसेज वाचताना तिला माहीत होतं. दादाच्या बैठकीत तिने माझा हात धरला तेव्हा माहीत होतं. "हे हलकं आहे, लाओशी" म्हणाली तेव्हाही. फुलं माळून, ओटी पसरून ती पोरगी माझं खोटं सांभाळत बसली होती, चारचौघींत माझी अब्रू जाऊ नये म्हणून. आणि मी तिला समजूतदार म्हणून मार्क देत होते.

"मग ती आली कशाला?" मी विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता. "बरणी नाही हे माहीत असताना, पाच तास जाऊन-येऊन, अशा दिवसांत?"

मावशींनी फोन बाजूला ठेवला. इतकं साधं वाक्य मला भाषांतराशिवाय कळेल हे त्यांना ठाऊक होतं. कळलंही.

"सहा वर्षं झाली तिला जाऊन," त्या म्हणाल्या. "माझ्या दारातून निघून तिच्या समोर पोचलेलं पहिलं माणूस तू."

त्यांनी बरणीचं झाकण काढलं, लांब चिमट्याने दोन शेंगा काढून बारीक चिरल्या, वाटीभर भातावर घातल्या आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. तो वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. मी जेवले. मान वर करून बघायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून वाटीतच बघत जेवले, आणि त्या समोर बसून माझं जेवण संपेपर्यंत फोटोकडे बघत राहिल्या.